कपडा आणि भिंत: फ्रेंच सिनेमा डोळ्यांनी वाचायला शिकताना

हौशी नाटकाच्या रंगीत तालमीला एक प्रसंग हमखास घडतो. नेपथ्यवाल्यानं दिवाणखान्याची भिंत मोरपिशी रंगवलेली असते, कपडेपट सांभाळणारीनं नायिकेसाठी मोरपिशी साडी आणलेली असते, आणि दिवे लागले की नायिका भिंतीत विरघळून जाते. मग धावपळ होते, कुणाच्या तरी घरून पिवळी साडी मागून आणली जाते. मी बरीच वर्षं कपडेपट सांभाळते आहे. नायिका भिंतीत विरघळली म्हणजे आपलं चुकलं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मग मी झाक दमी या दिग्दर्शकाचा १९६४ सालचा 'ले पाराप्ल्वी द शेर्बूर' ('शेर्बूरच्या छत्र्या') पाहिला. त्यात गरोदर नायिका फुलाफुलांचा झगा घालून फुलाफुलांच्या भिंतीसमोर येते, आणि झगा कुठे संपतो व भिंत कुठे सुरू होते ते क्षणभर कळत नाही. इथे ही चूक नव्हती, मुद्दाम बेतलेली गोष्ट होती. त्या घरात त्या मुलीला स्वतःचं असं काही उरलेलं नाही, हे तो झगा सांगून टाकतो. मी तो प्रसंग मागे नेऊन चार वेळा पाहिला.

तेव्हापासून फ्रेंच सिनेमा पाहताना एकच सवय मी जपली आहे: कपडा एकटा बघायचा नाही. तो कुठल्या भिंतीसमोर आहे, कुठल्या उजेडात आहे, कुणाच्या शेजारी आहे ते बघायचं. फ्रेंच फॅशनचा बोलबाला इतका की नवा प्रेक्षक बहुतेकदा 'काय सुंदर ड्रेस आहे!' इथेच थांबतो. त्याच्या पुढे कसं जायचं ते खाली क्रमानं लिहिलं आहे. फ्रेंच येण्याची गरज नाही. शिवणकाम येत असेल तर उत्तम, येत नसेल तरी काही अडत नाही.

सुरुवातीआधी: पडदा ताळ्यावर आणा

रंग बघायचे तर आधी रंग खरे दिसले पाहिजेत. दुकानातून आणलेला टीव्ही बहुधा भडक रंगांवर लावलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' हा पर्याय निवडा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. त्या सोयीमुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. खोलीतला पिवळा दिवा मालवा. मोबाइलवर पाहू नका, कारण मागची भिंत तिथे दिसतच नाही आणि आपलं अर्धं काम त्या भिंतीशी आहे.

दुसरं, शक्यतो दुरुस्त केलेली प्रत शोधा. 'शेर्बूरच्या छत्र्या' ईस्टमनकलर या रंगीत फिल्मवर चित्रित झाला होता, आणि त्या काळच्या या फिल्मचे रंग वर्षांगणिक उडत जातात. आधी निळा-हिरवा जातो आणि शेवटी सगळं गुलाबट-तपकिरी दिसतं. दमींना याची कल्पना होती. त्यांनी चित्रपटाचे तिन्ही मूळ रंग वेगवेगळ्या कृष्णधवल पट्ट्यांवर उतरवून ठेवले होते. कृष्णधवल फिल्म तशी उडत नाही. १९९० मध्ये दमी गेले. नंतर त्यांच्या पत्नी, दिग्दर्शिका आन्येस वार्दा, यांनी त्या पट्ट्यांवरून रंगीत प्रत पुन्हा उभी करून घेतली. आज आपण तो गुलाबी आणि तो निळा रंग पाहतो तो त्या दूरदृष्टीमुळे. एखाद्या संकेतस्थळावरची विटलेली प्रत पाहून 'जुना आहे, रंग असेच असणार' असं म्हणून सोडून देऊ नका.

पहिली पायरी: शेर्बूर, दोनदा

पहिल्यांदा तो नेहमीसारखा बघा. गोष्ट साधी आहे. छत्र्यांच्या दुकानातली सतरा वर्षांची झनव्हियेव आणि गॅरेजमध्ये काम करणारा गी यांचं प्रेम आहे. त्याला अल्जीरियाच्या युद्धावर जावं लागतं, ती मागे गरोदर राहते आणि दुसऱ्याशी लग्न करते. सगळेच्या सगळे संवाद गायलेले आहेत, अगदी पेट्रोलबद्दलचा प्रश्नसुद्धा. संगीत मिशेल लग्रां यांचं, आणि झनव्हियेव म्हणजे कातरीन दनव. फ्रान्समधल्या कान शहरातल्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. पहिली दहा मिनिटं गाणं विचित्र वाटेल, नंतर कान सरावतो.

दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. सगळा नको, सुरुवातीची वीस मिनिटं आणि शेवटची दहा पुरतील. गोष्ट माहीत आहे, त्यामुळे उपशीर्षकं वाचायचीही गरज नाही. प्रत्येक नव्या खोलीत शिरल्यावर आधी भिंत बघा, मग माणूस. दुकानाच्या मागच्या घरात मादाम एमरी, म्हणजे झनव्हियेवची आई, हिच्या कपड्यांचा रंग आणि भिंतीवरच्या कागदाचा रंग यांचं नातं काय? गीच्या मावशीकडच्या भिंती वेगळ्या का वाटतात? नेपथ्य बेर्नार एव्हँ यांचं आणि कपडे झाकलीन मोरो यांचे. ही दोन माणसं एकमेकांच्या टेबलावरचे कापडाचे तुकडे बघून काम करत होती, हे प्रत्येक चौकटीत जाणवतं. घरं खरी शेर्बूर शहरातली, पण त्यांचे रंग सिनेमासाठी दिलेले.

आता शेवट. बर्फ पडतंय, गीचा स्वतःचा पेट्रोल पंप आहे, पांढरा, उजळ, थंड. एक महागडी गाडी येऊन थांबते. झनव्हियेव उतरते, केस वर बांधलेले, अंगावर फरचा गडद कोट. दीड तास आपण ज्या गुलाबी-केशरी-निळ्या भिंतींमध्ये वावरलो त्यांचा मागमूस नाही. तिचा कोट त्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट, वेगळा, कुणाशीही न जुळणारा. आधी भिंतीत विरघळणारी मुलगी आता कुठल्याच भिंतीची नाही. हे बघायला आवाज लागत नाही. खरं तर आवाज सुरू असला की डोळे भरून येतात आणि बघायचं राहून जातं, म्हणून बंद करायला सांगते.

याच दिग्दर्शकाचा १९६७ चा 'ले दम्वाझेल द रोशफोर' यानंतर लगेच बघितलात तर मन हलकं होईल. दनव आणि तिची सख्खी बहीण फ्रांस्वाझ दोर्लेआक जुळ्या बहिणी झाल्या आहेत. एकीचा पोशाख गुलाबी, एकीचा पिवळा, आणि दोघींच्या डोक्यावर मोठाल्या टोप्या. तिथे तर चित्रीकरणासाठी गावातल्या इमारतींचे दर्शनी भाग आणि खिडक्यांच्या झडपासुद्धा रंगवून घेतल्या होत्या.

दुसरी पायरी: वही घाला

शाळेची दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक प्रसंगासाठी पाच गोष्टी टिपायच्या: कोण, अंगावर काय, मागे काय, उजेड कुठून, आणि मागच्या प्रसंगापेक्षा काय बदललं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'गी, पंप, शेवट. गडद कामाचे कपडे. मागे पांढरं. उजेड दुकानाच्या काचेतून. बदल: सुरुवातीलाही कामगारच होता, पण आता पंप त्याचा आहे.'

रंगाला नेमकं नाव द्या. आपल्या भाषेत याची श्रीमंती आहे, ती वापरा. 'पिवळा' लिहू नका. लिंबू, हळदी, मोहरी, सोनसळी, गवती यातलं जे असेल ते लिहा. 'लाल' नको, डाळिंबी की कुंकवाचा की विटकरी? नाव शोधताना डोळा थांबतो आणि थांबलेल्या डोळ्याला पुढचं दिसतं. साडीच्या दुकानात वाढलेल्या माझ्या एका मैत्रिणीला हे मुद्दाम करावंच लागत नाही. ती बघता बघता रंग सांगते.

तिसरी पायरी: एका वस्तूचा पिच्छा पुरवा

आता आन्येस वार्दांकडे या. त्यांचा १९६२ चा 'क्लेओ द सँक आ सेत' ('पाच ते सातमधली क्लेओ') कृष्णधवल आहे. फक्त सुरुवातीला टेबलावर मांडलेले भविष्याचे पत्ते तेवढे रंगीत दिसतात. क्लेओ ही गायिका आहे. आपल्याला कर्करोग आहे की नाही याचा तपासणी अहवाल संध्याकाळी कळणार, आणि त्याआधीचा दीड तास आपण तिच्याबरोबर पॅरिसमध्ये फिरतो. कोरिन मार्शां या अभिनेत्रीनं ही भूमिका केली आहे.

या चित्रपटात फक्त टोपीचा पिच्छा पुरवा. सुरुवातीला क्लेओ, अंगावर ठिपक्यांचा झगा, टोप्यांच्या दुकानात शिरते. आरसेच आरसे. एकेक टोपी घालून ती स्वतःला बघते, आणि भर उन्हाळ्यात नेमकी काळी, फरची, हिवाळ्याची टोपी निवडते. तिची सोबतीण आंझेल म्हणते की मंगळवारी नवी वस्तू अंगावर घालू नये, म्हणून टोपी घरी पाठवायला सांगितली जाते. (हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझी आजीच बोलते आहे असं वाटलं.)

घरी ती पांढऱ्या, पिसांच्या, मऊ गाऊनमध्ये वावरते. खोलीही पांढरी, जवळजवळ रिकामी, त्यात झोपाळा आणि मांजराची पिल्लं. म्हणजे पुन्हा कपडा आणि भिंत एक झाले. मग एका गाण्याच्या सरावात मृत्यू तिला इतका जवळ दिसतो की ती चिडून उठते, डोक्यावरचा केसांचा टोप ओढून काढते, साधा काळा पोशाख चढवते आणि एकटी बाहेर पडते. सिनेमाचे इथे दोन भाग होतात. आधीची क्लेओ आरशात बघत होती आणि लोक तिच्याकडे बघत होते. आता तीच रस्त्यातल्या माणसांकडे बघायला लागते. कॅमेरा तिच्याकडे बघण्याऐवजी तिच्या डोळ्यांनी बघतो. ती काळी टोपी? पुढे क्लेओ ती मैत्रिणीला देऊन टाकते. मैत्रीण शिल्पकारांसमोर मॉडेल म्हणून उभी राहते. तिच्या डोक्यावर ती टोपी नुसती टोपी असते, अपशकुन नसते.

सिनेमा संपल्यावर वहीत टोपीचा प्रवास ओळीनं लिहून काढा. चार-पाच ओळी होतील आणि त्यात अख्खी गोष्ट येईल.

हाच अभ्यास वार्दांच्या १९८५ च्या 'सां त्वा नी ल्वा' ('ना छप्पर, ना कायदा') वर करा, पण मन घट्ट करून. व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला हा चित्रपट. मोना नावाची भटकी मुलगी दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत हिवाळ्यात थंडीनं मरते. तिचं प्रेत पहिल्या काही मिनिटांतच दिसतं आणि मग मागची गोष्ट उलगडते. इथे बुटांचा पिच्छा पुरवायचा. चित्रपट पुढे सरकतो तसे मोनाचे बूट मोडत जातात, चेन तुटते, वरचा भाग लोंबायला लागतो, चाल बदलते. जाकीट मळतं, केस चिकटतात. वेशभूषाकारासाठी असं काम फार अवघड असतं, कारण प्रसंग क्रमानं चित्रित होतातच असं नाही आणि मळ मात्र क्रमानं वाढताना दिसावा लागतो. झकपक पोशाखाला बक्षिसं मिळतात. नीट झिजवलेल्या बुटाचं कौतुक मी तरी जास्त करते. सांद्रीन बोनेर या अभिनेत्रीनं ते बूट असे घातले आहेत की ते भाड्यानं आणलेले वाटत नाहीत.

चौथी पायरी: न बदलणारे कपडे

काही पात्रं सबंध चित्रपटभर जवळपास एकाच वेशात असतात. नवखा प्रेक्षक म्हणतो, इथे बघण्यासारखं काय? इथे कपड्यापेक्षा आजूबाजूला काय बदलतं ते बघायचं.

दिग्दर्शक झाक ताती यांचं मस्यू ह्युलो हे पात्र घ्या. आखूड पडलेली पँट, त्याखाली दिसणारे पट्ट्यांचे मोजे, रेनकोट, टोपी, तोंडात पाइप, हातात छत्री. १९५३ पासून पुढच्या चित्रपटांत हा माणूस असाच येतो. १९६७ च्या 'प्लेटाइम'मध्ये ताती यांनी त्याला काच आणि पोलादाच्या नव्या पॅरिसमध्ये सोडलं. त्यासाठी शहराबाहेर एक अख्खं नकली शहर उभारलं, लोक त्याला 'तातीव्हिल' म्हणत, आणि त्या खर्चात ताती कंगाल झाले. तिथे इमारती करड्या, फर्निचर करडं, लोकांचे सूट करडे. मागच्या गर्दीतली काही माणसं तर पुठ्ठ्याची आहेत, शोधून बघा. कॅमेरा लांबूनच बघतो, ह्युलोसारखेच दिसणारे दुसरे लोकही मधूनच येऊन आपल्याला फसवतात. मग रात्री एका नव्याकोऱ्या रेस्तराँची सजावट एकेक करून मोडायला लागते, आणि चित्रपटात हळूहळू रंग शिरतो. पहाटेपर्यंत रस्त्यावरची वाहनांची गर्दी जत्रेतल्या चक्रासारखी फिरू लागते. हा चित्रपट मोठ्या पडद्यावर बघायची संधी आली तर सोडू नका. तो ७० मिलिमीटर फिल्मसाठी बेतला होता, आणि एका चौकटीत चार कोपऱ्यांत चार गोष्टी चाललेल्या असतात.

त्याच वर्षीचा झाँ-प्येर मेलव्हिल यांचा 'ल सामुराई' याच्या अगदी उलट टोकाचा. आलँ दलों भाडोत्री मारेकरी झाला आहे: ट्रेंचकोट, हॅट, पांढरे हातमोजे. चित्रपट रंगीत आहे, पण छायाचित्रकार आंरी दकाए यांनी तो राखेत बुडवून काढल्यासारखा दिसतो. त्याची खोली, पिंजऱ्यातला पक्षी, भिंतीचे पोपडे, सगळं पावसाळी आभाळाच्या रंगाचं. इथे दलोंच्या हातांकडे लक्ष ठेवा. घराबाहेर पडताना तो आरशासमोर हॅटची कड बोटांनी सरळ करतो. ही हालचाल पूजेसारखी आहे. जखमी झाल्यावर पुढे फिक्या कोटाच्या जागी काळा कोट येतो. शेवटच्या प्रसंगात तो क्लबच्या दाराशी हॅट जमा करतो आणि तिचा बिल्ला न घेताच आत जातो. ज्यानं दीड तास ती हॅट इतक्या निगुतीनं सांभाळलेली पाहिली आहे, त्याला पुढे काय होणार ते तिथेच कळतं.

पाचवी पायरी: श्रेयनामावली वाचायला शिका

जुन्या फ्रेंच चित्रपटांत नावं बहुतेकदा सुरुवातीला येतात. चार शब्द ओळखता आले की पुरे: 'कोस्त्यूम' म्हणजे कपडे, 'देकोर' म्हणजे नेपथ्य, 'माकियाज' म्हणजे रंगभूषा आणि 'फोतोग्राफी' म्हणजे छायाचित्रण. पडद्यावर ते रोमन लिपीत असतील, पण इंग्रजी वाचणाऱ्याला सहज ओळखू येतात.

कधी कधी कपड्यांच्या जागी एकाऐवजी दोन नावं दिसतात. चित्रपटाचा कपडेपट एका वेशभूषाकाराकडे असतो आणि नायिकेचे पोशाख मात्र पॅरिसच्या एखाद्या मोठ्या फॅशनघराकडून आलेले असतात. ही प्रथा फ्रान्समध्ये जुनी आहे. झाँ रन्वार यांच्या १९३९ च्या 'ला रेग्ल द्यु झ्यू' ('खेळाचा नियम') साठी कोको शानेल यांनी कपडे केले. आलँ रने यांच्या १९६१ च्या 'लाने देर्नियेर आ मारियनबाद' ('गेल्या वर्षी मारियनबादला') मध्ये नायिका देल्फीन सेरिगचे बरेच पोशाख शानेल यांचेच. तो चित्रपट गोष्टीसाठी बघू नका, निदान पहिल्यांदा तरी. महालातल्या लांबच लांब दालनांमध्ये ती पिसांच्या, रेशमी, काळ्या-पांढऱ्या पोशाखांत फिरते, आणि पोशाख बदलला की आपण आत्ताच्या काळात आहोत की गेल्या वर्षीच्या, ही शंका येते. बागेतल्या प्रसिद्ध दृश्यात माणसांच्या सावल्या जमिनीवर पडलेल्या आहेत आणि झाडांच्या नाहीत. त्या सावल्या रंगवलेल्या होत्या.

मग १९६७ चा 'बेल द झूर'. दिग्दर्शक ल्वीस बुन्युएल मूळचे स्पॅनिश, नायिका पुन्हा दनव, आणि तिचे कपडे ईव्ह सँ लोरां यांचे. हा प्रौढांसाठीचा चित्रपट आहे, घरात मुलं जागी असताना लावू नका. सुखवस्तू डॉक्टरची बायको दुपारी गुपचूप वेश्यागृहात जाते, अशी कथा. तिच्या कोटांची शिवण बघा: सरळ, ताठ, लष्करी गणवेशासारखी, बटणांच्या रांगा. उघडायला वेळ लागेल असे कपडे तिनं निवडले आहेत. पुढे काळा चमकदार कोट येतो आणि शेवटी काळा पोशाख, त्याला पांढरी कॉलर आणि पांढरे कफ, जणू शाळकरी मुलगी. पायातले चौकोनी बकलाचे सपाट बूट रोझे व्हिव्हिये यांचे. माझं मत विचाराल तर फॅशनघरानं पुरवलेल्या कपड्यांचा सिनेमात असा नेमका उपयोग क्वचितच झाला आहे. बरेचदा असे कपडे नुसते मिरवतात. इथे ते लपवतात.

सहावी पायरी: 'साधे' कपडे सर्वांत शेवटी

साधे कपडे वाचायला सर्वांत अवघड, म्हणून ते इतक्या उशिरा घेतले. १९५० च्या दशकाच्या शेवटी तरुण दिग्दर्शकांची जी लाट आली, तिच्याकडे पैसे नव्हते. झाँ-लुक गोदार यांच्या १९६० च्या 'आ बू द सुफ्ल' ('श्वास सरेपर्यंत') साठी राउल कुतार कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरले. कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीच्या जागी अपंगांची चाकाची खुर्ची वापरली, उजेड बहुतेक नैसर्गिक. नायिका जीन सीबर्ग वर्तमानपत्र विकत पॅरिसच्या शांझेलिझे रस्त्यावरून चालते तेव्हा तिच्या अंगावर त्याच वर्तमानपत्राचं नाव छापलेली बनियनसारखी साधी जर्सी आहे, केस मुलासारखे कापलेले, पायात सपाट बूट. स्टुडिओत शिवलेला गाऊन असता तर ती आजूबाजूच्या खऱ्या गर्दीत परकी दिसली असती. म्हणजे इथेही कपडा भिंतीशी जुळवलाच आहे. फरक एवढाच की भिंत म्हणजे सगळं पॅरिस.

एरिक रोमेर यांच्याकडे हे कसब अगदी बारीक होतं. पहिल्यांदा वाटेल की नटनट्या घरून आल्या तशाच उभ्या राहिल्या आहेत. १९८४ च्या 'ले न्वी द ला प्लेन ल्यून' ('पौर्णिमेच्या रात्री') मध्ये नायिका पास्काल ओझिए हिनं घराची सजावटही स्वतः बघितली. करड्या-निळसर खोल्या आणि तशाच छटांचे तिचे कपडे त्यामुळे एका हातचे वाटतात. त्या भूमिकेसाठी तिला व्हेनिसला उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. १९८७ च्या 'लामी द मोनामी' ('माझ्या मैत्रिणीचा मित्र') मध्ये शेवटी दोन जोड्या समोरासमोर येतात तेव्हा निळा आणि हिरवा या दोन रंगांचीच वाटणी चार जणांत झालेली दिसते. कुणाचा निळा कुणाच्या निळ्याशी जुळतो ते स्वतः बघा, मी सांगत नाही. सबंध चित्रपटातला गोंधळ त्या चार कपड्यांत आवरलेला आहे.

जुना काळ आणि परीकथा

हा भाग थोडक्यात, कारण इथे डोळा आपोआप कपड्यांकडे जातो. फक्त दोन उदाहरणं जवळून बघा.

सेलीन सियामा यांचा २०१९ चा 'पोर्त्रे द ला जन फीय आं फ' ('ज्वाळांमधल्या तरुणीचं चित्र') अठराव्या शतकातला आहे. नेहमीच्या दरबारी चित्रपटांत डझनांनी गाऊन असतात. इथे मोजकेच आहेत, आणि ते वजनदार आहेत, चालताना त्यांचा आवाज येतो. चित्रकार मारियानचा झगा लाल, त्याला खिसे आहेत आणि ती त्यांत हात घालते. खिसा असलेली बाई म्हणजे स्वतःचं काम असलेली बाई. तिला एलोईझ या तरुणीचं चित्र काढायचं आहे, ते हिरव्या झग्यात. आधीच्या चित्रकारानं अर्धवट सोडलेल्या चित्रात चेहरा पुसलेला आहे आणि हिरवा झगा मात्र पूर्ण आहे. बाईपेक्षा तिचा झगा रंगवणं सोपं, ही या चित्रपटाची सुरुवातीची अडचणच आहे. क्लेर मातों यांचं छायाचित्रण त्या कापडावर असं पडतं की सुरकुती न् सुरकुती मोजता येते.

दुसरं उदाहरण पुन्हा दमींचं, १९७० चा 'पो दान' ('गाढवाचं कातडं'). राजकन्या 'हवामानाच्या रंगाचा' झगा मागते. आता हा रंग आणायचा कुठून? तो झगा सिनेमाच्या पडद्याच्या कापडाचा शिवला आणि त्यावर ढगांची चित्रफीत प्रक्षेपित केली. बाई चालते आणि तिच्या अंगावरून ढग सरकतात. कपडेपटात काम केलेल्या माणसाला ही युक्ती ऐकून त्या रात्री झोप लागत नाही.

हे टाळा

'आमेली'पासून सुरुवात करू नका. झाँ-प्येर झने यांचा २००१ चा तो चित्रपट मलाही आवडतो, पण त्यातला लाल-हिरवा-सोनेरी रंग चित्रीकरणानंतर संगणकावर सगळीकडे सारखा पसरवलेला आहे. डोळा त्याला चटकन सरावतो आणि मग शेर्बूरमधली हातानं बेतलेली छटा फिकी वाटते. आधी हातानं केलेलं बघा, 'आमेली' नंतर.

प्रत्येक रंगाला अर्थ चिकटवू नका. 'लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे दुःख' अशा याद्या फाडून टाका. वार्दांच्या १९६५ च्या 'ल बोनर' ('सुख') मध्ये सूर्यफुलं, पिवळे-निळे कपडे, सगळं सहलीसारखं प्रसन्न आहे. प्रसंग संपताना पडदा काळा होण्याऐवजी रंगीत होतो. आणि गोष्ट इतकी गार आहे की शेवटी एकसारखे शरदातले स्वेटर घातलेलं कुटुंब रानात चालताना पाहून अंगावर काटा येतो. तिथला पिवळा यादीत बसत नाही.

आठवड्याला एकच चित्रपट बघा. मुंबई-पुण्यात राहात असाल तर आलियाँस फ्रांसेज या फ्रेंच भाषा-संस्कृतीच्या संस्थेच्या आणि फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. चित्रपट महोत्सवांत जुने दुरुस्त केलेले फ्रेंच चित्रपट येतात तेव्हा पुढच्या रांगेत बसू नका, मधली घ्या, म्हणजे चौकटीच्या चारही कडा दिसतात. जमलं तर एखाद्या शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या. आमच्या गल्लीतल्या टेलरमामांना मी एकदा दलोंचा कोट दाखवला. ते गोष्टीबद्दल काही बोलले नाहीत, पण खांद्याची शिवण बघून म्हणाले, 'हा माणूस हात वर करणार नाही. केला तर कोट ओढला जाईल.' मग आम्ही दोघांनी तो चित्रपट पुन्हा लावला आणि त्याचे हात किती वेळा खांद्याच्या वर जातात ते मोजत बसलो.